फ्रँकफर्टच्या पुढे पाथ्रीकर

माझी सून मधुरा उन्हाळ्याच्या सुट्टीचं आखत होती. इथं अमेरिकेत, मॉरिसव्हिलच्या आमच्या घरी सगळी आखणी स्वयंपाकघरातच होते. ओट्यावर लॅपटॉप उघडा आणि शेजारी माझ्यापुढे पालकाची जुडी. आधी फ्रँकफर्ट, मग व्हिएन्ना असं काहीसं चाललं होतं. मधे किती वेळ जाईल म्हणून नातीनं, ईशानं, फोनला विचारलं. फोननं बाईच्या आवाजात सांगून टाकलं, सहाशे किलोमीटर, विमानानं एक तास वीस मिनिटं.

"दॅट्स नथिंग," ईशा म्हणाली.

"एका माणसाला अकरा वर्षांत जमलं नव्हतं ते," मी म्हटलं.

"व्हाय आजी? वॉज ही वॉकिंग?"

ती हसली, मधुरा हसली, मीही हसले. पालक निवडून झाला तरी मी मात्र तिथंच बसून राहिले. हल्ली एकदा बसलं की उठायचा कंटाळाच येतो, पण त्या दिवशी गुडघ्यांचं नुसतं निमित्त होतं. अकरा वर्षं कशी लागतात, हे त्या पोरीला सांगायचं तर त्यात माझंही नाव येतं. म्हणून ते बोलून सांगण्यापेक्षा लिहून टाकते. लिहिताना कुणी मधे "व्हाय आजी" म्हणत नाही.

पाथ्रीकर माझ्या ऑफिसातले. ऑफिस कसलं, आयसेलिनला ओक ट्री रोडवर मिठाईच्या दुकानाला खेटून असलेलं तिकिटांचं दुकान. दोन टेबलं, दोन कम्प्युटर, भिंतीवर जगाचा एक नकाशा. मालक गुजराती, अतिशय सज्जन आणि कायम बाहेरगावी. एका टेबलाशी मी, दुसऱ्याशी पाथ्रीकर. सगळं गिऱ्हाईक त्यांना काका म्हणे म्हणून मीही म्हणायची, माझ्याहून जेमतेम आठ वर्षांनी मोठे असून. ते मला सबनीसबाई म्हणत.

मी तेव्हा नुकतीच पन्नाशी ओलांडली होती आणि स्वतःला फार हुशार समजत होते. केस खांद्यापर्यंत कापलेले, सहा महिन्यांचा कम्प्युटरचा कोर्स केलेला, आणि गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा. त्या चष्म्याला नंबर नव्हता म्हटलं तरी चालेल. गिऱ्हाइकाकडे काचेवरून बघून बोलता यावं, एवढ्यासाठी तो होता. माझे यजमान म्हणायचे, "तू तिकीट विकतेस की शिक्षा सुनावतेस?"

पाथ्रीकर परभणीच्या एसटी स्टँडवर बावीस वर्षं कंट्रोलर होते. कुठली गाडी कधी लागली, कधी सुटली, कुठं बंद पडली, हे सगळं त्यांच्या खिडकीतून चालायचं. भावानं कागदपत्रं करून बोलावलं म्हणून उतारवयात अमेरिकेला आले. बुटके, बाराही महिने अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, आणि खिशाला दोन पेनं. निळं वेळेवर सुटलेल्या गाड्यांसाठी, तांबडं उशिरा सुटलेल्यांसाठी. इथं तांबड्याला काही काम नव्हतं, पण त्यांनी ते खिशातून काढलं नाही.

त्यांचं डोकं म्हणजे वेळापत्रक होतं. आमचं गिऱ्हाईक बहुतेक न्यूअर्कहून युरोपात उतरून मुंबई गाठणारं. कुणी समोर बसलं की पाथ्रीकर कम्प्युटरकडे न बघता सुरू व्हायचे.

"ॲम्स्टरडॅम-फ्रँकफर्ट? एक तास दहा. आपलं परभणी-पुणे धरा."

"आणि व्हिएन्ना-बुडापेस्ट हो काका?"

"अहो, ते तर औरंगाबादला गेल्यासारखं. डबा सोडायचीसुद्धा गरज नाही."

"फ्रँकफर्ट-व्हिएन्ना?"

"परभणीहून निघायचं, मुंबई गाठायची, आणि लोणावळ्यापर्यंत परत यायचं. विमानाला एक तास वीस."

यातलं एकही गाव त्यांनी पाहिलेलं नव्हतं. मुलगी विद्या औरंगाबादला इंजिनिअर झाली, नोकरीनं व्हिएन्नाला गेली, तिथंच नागपूरच्या सागरशी लग्न करून राहिली. म्हणून एकदा मी विचारलं, "काका, व्हिएन्ना आहे कसं?"

"वेळेवर आहे," ते म्हणाले.

पहिल्यांदा परदेशी निघालेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी त्यांचा एक कागद असे. तिकीट कम्प्युटरमधून निघायचं, तसं कागदाचं नसायचं. तो कागद ते हातानं, मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहीत. "विमानातून उतरल्यावर सगळे जिकडे जातील तिकडे जाऊ नये. बसून राहावे. पाटी दाखवणारा माणूस येईल. त्याला हा कागद दाखवावा." खाली तेच इंग्रजीत. मग तो कागद आजीबाईंच्या पर्सच्या आतल्या कप्प्याला सेफ्टीपिननं टोचून द्यायचा. मी त्या कागदाला हसायची. चष्म्यावरून बघत म्हणायची, "काका, आता सगळं फोनवर असतं." ते म्हणायचे, "असू द्या की. फोन पर्सला टोचता येत नाही."

कागदापलीकडचंही त्यांना कळे. एकदा जर्सी सिटीहून एक पुण्याचा मुलगा आला. चांगला तिशीतला, कुठल्याशा बँकेत कम्प्युटरवर काम करणारा. आईवडिलांना परत पाठवायचं होतं आणि तिकिटं त्यानं स्वतःच ऑनलाइन काढली होती. फक्त दोघांना शेजारी जागा मिळवून द्या, एवढंच काम. पाथ्रीकरांनी कागद वाचला. न्यूअर्क-पॅरिस, पॅरिस-फ्रँकफर्ट, फ्रँकफर्ट-मुंबई.

"रद्द करा," ते म्हणाले.

"काका, यार, मस्त डील आहे! एकच स्टॉप जास्त आहे फक्त."

"पासपोर्ट भारताचे ना? युरोपचा व्हिसा आहे?"

"बाहेर कुठं पडतायत ते? एअरपोर्टवरच असणार ना?"

"ऐका बरं का. पॅरिसला उतरून तिथनंच मुंबईला गेलात, तर तुम्ही ओसरीवर बसून पाणी पिऊन निघालात. पॅरिसहून फ्रँकफर्टला गेलात, की त्यांच्या घरात शिरलात. ती दोन्ही गावं एकाच घरातल्या खोल्या आहेत. घरात शिरायला बोलावणं लागतं."

मुलगा हसला आणि निघून गेला. दहा दिवसांनी न्यूअर्कच्या काउंटरवरून त्याचा फोन, "काका, ते बोर्डिंग पास देत नाहीयेत." आई मागे रडत होती, ते ऐकू येत होतं. पाथ्रीकर एका शब्दानंही "मी सांगितलं होतं" म्हणाले नाहीत. दोन तासांत त्यांनी दोघांना दुसऱ्या वाटेनं बसवून दिलं. फोन ठेवल्यावर मीच म्हटलं, "चांगली जिरली." ते माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, जिरली ती आईची. तिनं काय केलं होतं?"

हे सगळं सांगायचं अशासाठी, की अशा माणसाच्या घरचं तिकीट मी काढलं.

विद्याचं पहिलं बाळंतपण. मुलगी माहेरी येऊ शकत नाही तर आईनं तिच्याकडे जायचं, ही आता आमच्या सगळ्या घरांची रीतच झाली आहे. कुसुमवहिनी, पाथ्रीकरांची बायको, एकटीनं विमानात कधी बसलेल्या नव्हत्या. व्हिसा उशिरा आला, दिवस तर भरत आलेले. पाथ्रीकरांचा नियम असा की घरच्या माणसाचं तिकीट स्वतः काढायचं नाही. हात थरथरतो म्हणायचे. म्हणून ते माझ्याकडे आलं.

फ्रँकफर्टला उतरून पुढं व्हिएन्ना. एका विमानाला मधे पंचावन्न मिनिटं मिळत होती, पुढच्याला पाच तास.

"पाच तासांचं घ्या," पाथ्रीकर म्हणाले.

मी चष्मा नाकावर सरकवला. "काका, पंचावन्न मिनिटं पुरतात म्हणून तर कम्प्युटर देतोय. नसती पुरली तर दिलंच नसतं. आणि वहिनी सकाळी सकाळी लेकीजवळ पोचतील. तिकडे पोरगी अवघडलेली, आणि तुम्ही आईला पाच तास बाकड्यावर बसवणार?"

ते म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या. बघा." आणि जाऊन कागद लिहायला बसले.

पंचावन्न मिनिटं पुरतातही, पण ती धावणाऱ्याला. वहिनी विमानात सगळ्यांत मागे बसलेल्या, नऊवारी नेसलेल्या, आणि कागदात लिहिल्याप्रमाणे उतरल्यावर बसून राहिलेल्या. पाटी दाखवणारा माणूस आला तो वीस मिनिटांनी. मग पासपोर्टची रांग. व्हिएन्नाचं विमान गेलं. पुढच्या विमानात जागा नव्हती, त्याच्या पुढच्याचं दार बदललं ते यांना कळलं नाही. जर्मनच काय, वहिनींना इंग्रजीही येत नव्हतं. भाषा येत नसली की माणूस एकाच जागी घट्ट बसून राहतं. हललो तर आणखी हरवू, अशी भीती असते. वहिनी एकोणीस तास बसून राहिल्या. त्यांना साखरेचा विकार होता. जवळ डिंकाच्या लाडवांचा डबा होता, पण तो त्यांनी उघडला नाही. लाडू बाळंतिणीचे होते.

तिकडे सागर सकाळपासून व्हिएन्नाच्या विमानतळावर सासूबाईंची वाट बघत उभा. एक विमान, दुसरं विमान, आत्ता येतील, मग येतील. तेवढ्यात विद्याला कळा सुरू झाल्या. शेजारणीनं तिला दवाखान्यात पोचवलं, आणि सागर तिथं पोचेपर्यंत मुलगी झालीसुद्धा. परक्या देशात, परक्या भाषेत, आई नाही, नवरा नाही. दुसऱ्या दिवशी आई आली ती तिथंच चक्कर येऊन पडली, आणि तिलाही त्याच दवाखान्यात ठेवलं आठवडाभर.

विद्याचा फोन आला तेव्हा मी पाथ्रीकरांच्या समोरच बसले होते. तिचा आवाज फोनमधून माझ्यापर्यंत येत होता.

"बाबा, पंचावन्न मिनिटं? आईला? कुणी काढलं हे तिकीट?"

पाथ्रीकरांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "मी," ते म्हणाले.

"तुम्हाला विमान किती मिनिटांत जातं ते पाठ आहे. आई किती मिनिटांत चालते ते माहीत नाही? तुम्ही इकडे येऊ नका बाबा. तुम्ही आलात की मला हेच आठवेल. नका येऊ."

"बरं," पाथ्रीकर म्हणाले.

मी तिथंच होते. तोंड उघडायला एक सेकंद पुरला असता. मी काय केलं? मी टेबलावरचे कागद सारखे केले. आणि खरं लिहायचं तर मला हायसं वाटलं. त्या बाईची मला आज इतकी चीड येते, की समोर भेटली तर तिचा तो चष्मा साखळीसकट ओढून काढीन.

त्यानंतर पाथ्रीकर मिनिटं सांगेनासे झाले. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "विमान किती वेळात जातं ते पायलट बघेल. तुमच्या आईचे गुडघे कसे आहेत?"

आणि त्यांनी परीक्षा सुरू केली. साठीपुढचं कुणी तिकिटाला आलं की पाथ्रीकर घड्याळ घेऊन त्यांच्याबरोबर बाहेर पडत. आमच्या दारापासून कोपऱ्यावरच्या साडीच्या दुकानापर्यंत जायचं आणि परत यायचं. ते दोन पावलं मागे चालत, बोलत नसत, फक्त बघत. कुणी दम खायला थांबलं, कुणी साडीच्या काचेपुढे रेंगाळलं, ते सगळं धरायचं. "तिथंही दुकानं आहेत हो, तिथंही थांबणारच की." मग परत येऊन ठरवायचं, या आजोबांना मधे तीन तास, या आजींना चार. कम्प्युटर काय म्हणतो ते त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

बहुतेकांना ते चाकांची खुर्ची सांगायचे आणि बहुतेक जण चिडायचे. एक निवृत्त हेडमास्तर तर उठूनच उभे राहिले.

"मी रोज चार मैल चालतो! मला खुर्ची?"

"गुरुजी, खुर्ची पायांसाठी नाही," पाथ्रीकर म्हणाले. "ती ढकलणाऱ्या माणसाला वाट माहीत असते. आपण त्या माणसासाठी खुर्चीत बसायचं."

हेडमास्तर बसले. आयसेलिनहून नंतर जितकी मराठी म्हातारी माणसं गेली, ती अशीच खुर्चीत बसून गेली आणि सुखरूप पोचली. एकही चुकलं नाही. मी हे जवळून बघत होते, आणि दर वेळी मला कळत होतं की हा माणूस माझी चूक फेडतोय.

कुसुमवहिनी बऱ्या होऊन परत आल्या होत्या. दोन वर्षांनी दुसऱ्याच आजारानं गेल्या. विद्या आली, चार दिवस राहिली. कडेवर दोन वर्षांची मुलगी. बापलेक एकमेकांशी अतिशय नीट बोलत होते. चहा घेतला का, औषध घेतलं का, इतकं नीट की ऐकणाऱ्याला थकवा यावा. निघताना ती म्हणाली, "बाबा, या तिकडे." पाथ्रीकर म्हणाले, "बघू पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. परभणीला मात्र ते दोन-तीन वर्षांनी जात आणि दर वेळी फ्रँकफर्टवरून. मी एकदा विचारलं, "इतक्या जवळ जाता, एक तास वीस मिनिटं राहतात."

"मी बोर्डापाशी उभा राहतो," ते म्हणाले. "व्हिएन्नाची गाडी बोर्डावरनं जाईपर्यंत. वेळेवर जाते."

"पण तुम्ही का जात नाही?"

"तिनं नको म्हटलंय."

"अहो, ती केव्हाची गोष्ट! नंतर या म्हणाली की."

"या म्हणणं वेगळं बाई. आधीचं नको तिनं मागं घेतलेलं नाही. डेपोतनं गाडी बंदचा आदेश आला की तो रद्द झाल्याचा आदेश आल्याशिवाय मी गाडी सोडली नाही कधी."

मी हसले. त्यांना हसू आलं नव्हतं हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

मग आमचं दुकान बंद झालं. लोक फोनवर तिकिटं काढायला लागले. त्यांच्या आया कशा चालतात ते फोन विचारत नाही. माझे यजमान गेले, मी मुलाकडे मॉरिसव्हिलला आले. पाथ्रीकर भावाच्या घरी तळघरातल्या खोलीत राहत आणि मला महिन्यातून एकदा फोन करत. बोलायला काही नसे. "काय करायलात बाई?" "बसलेय. तुम्ही?" "मी बी बसलोय." एका फोनमधे ते म्हणाले, आता जिना चढवत नाही, डॉक्टर परभणीला नको म्हणतात. म्हणाले, "झालं आता. फिरून झालं."

तो फोन ठेवला आणि मी खुर्चीतच बसून राहिले. कुठंही न जाता हा माणूस म्हणतोय फिरून झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी, धीर आहे तोवर, मी व्हिएन्नाला फोन लावला.

विद्याला माझं नाव सांगितल्यावर आधी वाटलं, वडिलांचं काही बरंवाईट झालं. तसं काही नाही म्हटलं. मग एका दमात सांगून टाकलं. पंचावन्न मिनिटांचं तिकीट मी काढलं होतं, तुझे बाबा पाच तासांचं मागत होते, मीच ऐकलं नाही, आणि त्यांनी नाव स्वतःचं सांगितलं.

"मावशी," ती म्हणाली, "हे सांगायला तुम्हाला दहा वर्षं लागली?"

"हो."

"माझी आई जाऊन आठ वर्षं झाली."

"तू काय म्हणशील ते ऐकायला मी बसलेय," एवढंच म्हटलं. ती काही म्हणाली नाही, आणि ते ऐकणं सगळ्यांत अवघड गेलं.

मग मी तिला आदेशाचं सांगितलं. नका येऊ म्हणालीस, ते तू अजून मागं घेतलं नाहीस.

"मी असं म्हणाले होते?" ती म्हणाली. "मावशी, खरंच? मला त्या दिवशीचं काहीच आठवत नाही. मी दर वर्षी बोलावते त्यांना. मला वाटायचं त्यांनाच यायचं नाही. मला वाटायचं ते माझ्यावर चिडलेत." आणि मग ती रडायला लागली, आवाज न करता, श्वास तेवढा ऐकू येत होता.

संध्याकाळी पाथ्रीकरांचा फोन. रागानं आवाज चढलेला. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं मधे पडायला? झाकलेलं होतं ना ते?"

"तुम्ही झाकलं होतं. माझं होतं ते."

मग म्हणाले, "पोरीचा फोन होता."

"काय म्हणाली?"

"ते आमचं आम्ही बघू." मग आवाज उतरवून म्हणाले, "व्हिएन्नाचं बघा जरा."

विद्याच्या पत्रावर व्हिसा झाला. मी पुण्याला भावाकडे निघणारच होते, तेव्हा दोघांचं न्यूअर्क ते फ्रँकफर्ट एकच विमान घेतलं. तिथनं पुढं माझी वाट वेगळी, त्यांची वेगळी. तिकीट काढायला बसले तर माझाच हात थरथरत होता.

"मधे किती वेळ ठेवू?"

"पाच तास," पाथ्रीकर म्हणाले. दुसऱ्या दिवशी फोन केला, सात करा. तिसऱ्या दिवशी म्हणाले, असं करता येईल का बाई, एक दिवस फ्रँकफर्टलाच राहिलं तर? मग माझ्या लक्षात आलं. ही वेळ ते पायांसाठी मागत नव्हते. मी साडेतीन तासांचं काढलं आणि कम्प्युटर याच्याहून जास्त देत नाही म्हणून ठोकून दिलं. कम्प्युटरच्या नावानं त्यांना आयुष्यात दुसऱ्यांदा फसवलं. या खेपेचं मला वाईट वाटत नाही.

फ्रँकफर्टला सकाळी उतरलो. रात्रभराच्या बसण्यानं दोघांच्याही पायांचे खांब झालेले. आम्हाला विजेच्या गाडीत बसवलं, उलट्या तोंडानं, म्हणजे गेलेला रस्ता दिसतो आणि येणारा दिसत नाही. पाथ्रीकर मांडीवरच्या पिशवीचे बंद एका हातातून दुसऱ्या हातात घेत होते. एका वळणावर गाडी थांबली. डावीकडे पासपोर्टच्या खिडक्या, व्हिएन्नाला जाणाऱ्यांनी तिथं उतरायचं. मला पुढं जायचं होतं. चालवणाऱ्यानं पाथ्रीकरांना खुणेनं सांगितलं, बसून राहा, दुसरा माणूस येऊन तुम्हाला नेईल. पण पाथ्रीकर उतरले आणि स्वतःच रांगेत जाऊन उभे राहिले.

आणखी कुणी दोघं यायची होती म्हणून आमची गाडी थांबून राहिली, आणि मला सगळं दिसत होतं. रांग फार नव्हती. बघता बघता त्यांचा नंबर आला. तेवढ्यात त्यांनी मागच्या बाईला हातानं पुढं जायला सांगितलं. तिच्याजवळ तान्हं मूल होतं, तेव्हा ठीक. मग पाठीवर पिशवी घेतलेल्या एका मुलीला. मग दोन सुटाबुटातल्या माणसांना. ते दर वेळी जरा बाजूला सरकत, मान लववून हात पुढं करत, घरच्या कार्यात पंगतीला पाहुण्यांना बसवतात तसा. सहा माणसं गेली. सातव्याला त्यांनी हात केला तेव्हा मला कळलं की साडेतीन तास हा माणूस इथंच उभा राहील, आणि मग येऊन सांगेल की गाडी वेळेवर गेली.

मी गाडीत उभी राहिले. चालवणारा "मॅडम, मॅडम" करायला लागला.

"अहो पाथ्रीकर!" मी ओरडले. एवढ्या मोठ्यानं मी घरातही कधी ओरडले नाही. "व्हा की पुढं! काय लोकांना वाट देत बसलात?"

सगळी रांग वळली. बंदूकवाला एक पोलीस वळला. पाथ्रीकर वळले. माझ्याकडे असे बघत राहिले, जणू शंभर माणसांत मी त्यांना टाकून बोललेय. मी हातानं खूण केली, जा. मागच्या सुटातल्या माणसाला मराठी काय कळलं असेल कोण जाणे, पण तो एक पाऊल मागे सरला आणि त्यानंच यांना हात केला, पुढे व्हा.

ते गेले. दोघं जण येऊन बसली आणि आमची गाडी हलली. मी अजून उभीच होते, मग बसले. तोंड उलटं असल्यानं ती खिडकी मला बराच वेळ दिसत राहिली, लहान होत होत. पाथ्रीकरांनी पासपोर्ट काचेखालून सरकवला. आतल्या तरुणानं काहीतरी विचारलं; कुणाकडे निघालात, असंच असणार. पाथ्रीकर त्याला सांगायला लागले आणि सांगता सांगता त्यांनी तळहात आडवा धरून नातीची उंची दाखवली, आपल्या गुडघ्याशी. मग हात तिथंच थांबला. त्यांनी जरा विचार केला, आणि हात हळूहळू वर नेत छातीपर्यंत आणला.